दक्षिणमुखी अँटेना

टीव्ही घ्यायला मी एकटीच गेले याचं सीताबर्डीवरच्या दुकानदाराला फार नवल वाटलं. "साहेब मागून येत आहेत का?" असं त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब अजून जन्मले नाहीत. तुम्ही टीव्ही दाखवा." तो ओशाळला आणि मग गरजेपेक्षा जास्तच अदबीने बोलू लागला. तेव्हा मी चौतिशीची होते. धरमपेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मला राग लवकर यायचा, अजूनही येतो.

टीव्ही माझ्यासाठी नव्हता. तो गावी न्यायचा होता, बाबांसाठी.

आमचं गाव नागपूरच्या थेट उत्तरेला. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून एसटी पुढे बरीच जाते, मग फाट्यावर उतरून दीड कोस पायी. बाबांना त्या वर्षी दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं जड झालं. एकेक शब्द ओढून आणावा लागे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी बाबांची थोरली बहीण होती, आमची आत्याबाई. तिनेच त्यांना लहानपणी वाढवलं होतं आणि आता म्हातारपणी पुन्हा तीच त्यांना भरवत होती. मी दर शनिवारी शाळा सुटली की गावी जायची आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत यायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दुसरा झटका आला तर सोसणार नाही. उन्हाळा निघाला तर देव पावला म्हणा."

आणि घरात एक माणूस नव्हता. माझा धाकटा भाऊ.

सात वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी, बैल धुवायची वेळ झाली तेव्हा तो घरात नव्हता. तो कामठीला फौजेच्या भरतीच्या रांगेत उभा होता. घरचा एकुलता एक मुलगा, बारा एकर शेती, आणि पोळ्यासारख्या सणाला बैल सोडून निघून गेलेला. त्या दिवशी बाबांनी एकट्याने बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या आणि तोरणाखाली नेऊन उभे केले. लोकांनी विचारलं, "पोरगं कोठी हाये?" बाबा म्हणाले, "मले पोरगं नाई." त्यानंतर सात वर्षं त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. तो सुट्टीवर आला की माझ्याकडे धरमपेठेत राहायचा. गावी जा म्हटलं की म्हणायचा, "त्यायनं बोलावलं तं जाईन." आणि मी बाबांसमोर त्याचा विषय काढला की बाबा उठून गोठ्यात जायचे. दोघांचाही ताठा एकाच मातीचा. मध्ये मी भरडले जात होते, आणि दोघांचाही मला मनापासून राग यायचा.

डिसेंबरात त्याचं पत्र आलं. सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या परेडमध्ये आमची तुकडी चालणार आहे, असं त्याने लिहिलं होतं. "मी तिसऱ्या रांगेत आहे, पाहणाऱ्याच्या बाजूनं चौथा. आता हे टीव्हीवर सगळ्या देशात दाखवतात म्हणे. कोणाला पाहावंसं वाटलं तर पाहावं." या 'कोणाला'वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

पुढच्या रविवारी मी ते पत्र गावी वाचून दाखवलं, आत्याबाईला. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जरा मोठ्यानेच वाचलं. ते हलले नाहीत. तो सगळा दिवस गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने चमचा अडवला.

"टीव्हीत... माणूस... वळखू येते काय?"

मी चमचा वाटीत ठेवला. मग म्हटलं, "येतो बाबा. नीट दिसला तर येतो."

"मंग पाहाव लागन," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पेज घेतली.

मुलाची सुट्टी उन्हाळ्यात होती. उन्हाळ्याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते. म्हणजे बाबांना मुलगा पाहायचा असेल तर तो त्या एका सकाळी, त्या काचेतच दिसणार होता. माझ्या हातात पाच आठवडे होते.

तेव्हा नागपुरात टीव्ही नवाच होता. आमच्या स्टाफरूममध्ये ज्यांच्याकडे होता त्या बाईंचा शब्द अखेरचा असे. सगळ्यांचं एकच म्हणणं, लाकडी कपाटाचा मोठा टीव्ही घे, सरकत्या झडपांचा, वरून कुलूपही लागतं. घराला शोभा येते. मीही आधी त्याच मताची होते, खोटं कशाला सांगू. बाबांच्या खोलीत तो कपाटवाला टीव्ही, त्यावर क्रोशाचं झाकण, असं चित्र मी मनात काढूनही ठेवलं होतं.

दुकानदाराने तोच लावून दाखवला. काय सुरेख चित्र! बातम्या देणारीच्या कानातले डूलसुद्धा दिसत होते. मी होकार देणार तेवढ्यात मागच्या टेबलावर वितळल्या कथलाने तारांना डाग देत बसलेला मेकॅनिक मान वर न करता म्हणाला, "बाई, टीव्ही राहणार कोठी हाये?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मंग इथचं पाहून घेऊ नका. इथं तं हातभर तार लावली तरी दिसते."

माणूस पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला त्याचा आधी रागच आला. पण त्याने हातातलं काम बाजूला ठेवून जे प्रश्न विचारले ते वर्गात मी विचारले असते असे होते. नागपूरपासून सरळ रेषेत किती दूर? मधात काय आहे? घर उंचावर की खोलगटात? गावात वीज कशी आहे? मी घरी आले, शाळेतून आणलेला जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि पट्टीने अंतर मोजलं. सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आसपास भरलं. मधात कोराडी. घर नाल्याच्या काठाला, म्हणजे खोलगटातच. आणि वीज? गावचा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी असा दमायचा की बल्बमधली तार तेवढी लाल दिसे.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर लिहून नेलं. मेकॅनिकने कागद वाचला आणि कपाटवाल्या टीव्हीवर हात ठेवून म्हणाला, "याले विसरा. हा तुमच्या गावात फक्त कपाट म्हणून राहीन." त्याने कोपऱ्यातला एक छोटा टीव्ही पुढे ओढला. काळा-पांढरा, पडदा माझ्या वीतभराहून थोडा मोठा. पण तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. वीज असो, नसो, चित्र हलणार नव्हतं. "पैसे टीव्हीत घालू नका," तो म्हणाला, "छपरावर घाला. उंच पाइप, मोठी अँटेना. चित्र तिथं येते, इथं नाई."

"आणि बूस्टर?" मी विचारलं. हा शब्द मी स्टाफरूममध्ये ऐकला होता आणि तो वापरायची मला हौस होती.

"बूस्टर लावू ना. पण एक ध्यानात ठेवा बाई. बूस्टर काय करते, जे येते ते वाढवते. येतच नसन तं मुंग्याच वाढवन. अँटेनाचं तोंड बराबर नागपूरकडे पाहिजे. हे सगळ्यात पयले."

मुंग्या म्हणजे पडद्यावर चित्राऐवजी जी पांढरी-काळी वळवळ दिसते ती. मी मान डोलावली. मुलींना दिशा शिकवणारी मी. मला कोण दिशा शिकवणार!

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो गावी आला. पाइप एसटीच्या टपावर बांधून आणला, फाट्यापासून आमच्या शेजाऱ्याच्या बैलबंडीतून घरी. दुपारपर्यंत त्याने कवेलूंच्या छपराच्या कडेला पाइप उभा केला, तारा ताणल्या, अँटेना वर चढवली. मी खालून होकायंत्र धरून सांगत होते. नागपूर आमच्या थेट दक्षिणेला. अँटेनाचं तोंड त्याने दक्षिणेकडे केलं, चपटी वायर खिडकीतून आत घेतली, आणि टीव्ही लावला. पिकांवरच्या किडीविषयी कोणी गृहस्थ बोलत होते. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटन दिसत होतं. बाबांनी खाटेवरून पाहिलं. त्यांचा चेहरा अर्धाच हसायचा आता, पण तो अर्धा हसला.

"एवढ्याशात माणूस मावते काय वं?" आत्याबाई पडद्याला नाक लावून म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला तिथे उजेड दिसत होता, बाकी काही नाही.

मेकॅनिक चहा पिऊन एसटी गाठायला निघाला. आत्याबाई अंगणात आली, कपाळावर हात धरून वर पाहिलं. तिला बाकी दिसलं नसेल, पण आभाळाच्या उजेडात तो मोठा काटेरी आकार तेवढा दिसला.

"हे काय उभं केलं?"

"अँटेना, आत्याबाई."

"याचं तोंड कोन्या दिशेले हाये?"

मी खोटं बोलू शकले असते. मला सुचलंच नाही. "दक्षिणेला," मी म्हणाले.

ती मागे फिरली. ओट्यावर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "घरात माणूस खाटेवर हाये आन् तू छपरावर सांगाडा बसोला, यमाकडं तोंड करून. काहून वं बाई? काहून असं केलं?"

आमच्याकडे दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवत नाहीत. तो फक्त गेलेल्या माणसाचा. एवढं सगळ्याच घरांत मानतात, आणि शहाणी माणसं त्यावर वाद घालू शकतात. मीही घातला असता. पण आत्याबाईशी या एका गोष्टीवर कोणी वाद घातला नव्हता, कारण तिची हकीगत सगळ्यांना ठाऊक होती. ती तेरा वर्षांची असताना सासरी गेली. नवरा तापाने आजारी होता. नव्या घरात दिशा न कळून तिने संध्याकाळचा दिवा वात दक्षिणेकडे करून ठेवला. तिसऱ्या दिवशी नवरा गेला. सासूने सगळ्या गावासमोर तिचा हात धरून तो दिवा दाखवला आणि तिला बंडीत घालून माहेरी पाठवून दिलं. त्यानंतर साठ वर्षं ती आमच्या घरात होती. रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि लावल्यावर दोनदा हात फिरवून वातीचं तोंड चाचपायची. आम्ही लहानपणी हसायचो. पुढे कळलं तेव्हा हसणं थांबलं.

मी तिच्याजवळ बसून समजावलं. हे तोंड नाही, ही नुसती ॲल्युमिनियमची नळी आहे. दिल्लीचं चित्र आधी वर उपग्रहाकडे जातं, तिथून नागपूरला उतरतं, आणि नागपूर आपल्या दक्षिणेला आहे, त्याला कोण काय करणार? ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू शिकेल हायेस. तुह्यं खरं असन. पण याले काही झालं तं मी पुन्हा कोणाले तोंड दाखवू, सांग."

मी होकायंत्र पिशवीत टाकलं.

मी शिडी लावली, पदर खोचला, वर चढले आणि पाइपाचा नट सैल करून अँटेना पूर्वेकडे वळवली. पूर्व म्हणजे शुभ. आत्याबाई खाली हात जोडून उभी होती. आत येऊन पाहिलं तर चित्र होतं. ताकात पाणी जास्त झाल्यासारखं, पण होतं. माणूस माणूस म्हणून कळत होता. मी मनाशी म्हटलं, बूस्टर आहे ना. त्याचं काय ते तो पाहील. मेकॅनिकने मला जे बजावलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी मी हे मनाशी म्हटलं. आत्याबाईची दया आली हे खरं. पण तेवढंच खरं नाही. मला वाद नको होता. आठवडाभर शिकवून, एसटीचे धक्के खाऊन, दीड कोस चालून आलेल्या बाईला एक रविवार शांत हवा होता. त्या शांततेसाठी मी चुकीची दिशा निवडली, आणि ती चुकीची आहे हे मला माहीत होतं.

पुढचे दोन रविवार चित्र तसंच होतं. बाबा रोज थोडा वेळ टीव्ही लावायला लावत. आत्याबाई सांगायची, "डोळ्याची सवय करून राहिला तो." माणसांचे चेहरे ओळखायची तालीम चालली होती. बातम्या देणारा तोच कालचा की दुसरा, हे ते डाव्या हाताच्या बोटाने सांगत. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

शाळेत झेंडावंदन होतं. मी मुख्याध्यापिकाबाईंना काय ते खरं सांगून रजा घेतली आणि पंचवीसला दुपारीच गावी पोचले. सव्वीसला सकाळी उठून पाहते तर नाल्यावरून धुकं वर आलेलं. समोरचा गोठा दिसेना. कोराडीकडचा धूरही खाली बसलेला. आत्याबाईने बाबांना अंघोळ घातली, स्वच्छ बंडी घातली, टोपी घातली. पाठीशी गाद्या लावून त्यांना बसवलं. मी बॅटरीच्या तारा जोडल्या आणि बटन फिरवलं.

आवाज आला, खणखणीत. बँड वाजत होता. पडद्यावर मुंग्या.

मी बटनं फिरवली. बूस्टर वाढवला. मुंग्या आणखी मोठ्या झाल्या. टीव्हीच्या बाजूवर थापट मारली. वायर काढून पुन्हा खोचली. दिल्लीत कोणी तरी हिंदीत, भरदार आवाजात, एकामागून एक तुकड्यांची नावं सांगत होता. रणगाडे गेले, आम्ही ते ऐकले. उंटांची तुकडी गेली, ती ऐकली. बाबा पडद्याकडे बघत होते. एकदाही पापणी लवली नाही. वळवळणाऱ्या त्या पांढऱ्या-काळ्या मुंग्यांत ते मुलगा शोधत होते.

आणि मग निवेदकाने माझ्या भावाच्या तुकडीचं नाव घेतलं.

ते नाव फक्त मला माहीत होतं. बाबांना मी रांग सांगितली होती, जागा सांगितली होती. तुकडीचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांना सांगून काय उपयोग, असं वाटून ते सांगितलं नव्हतं. बुटांचा एकसारखा आवाज येत होता, एकाच मोठ्या माणसाची पावलं वाजावीत तसा. त्यात त्याची पावलं होती. मी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसून रडत होते आणि बाबांकडे पाठ होती म्हणून त्यांना ते दिसत नव्हतं.

"पोरी," बाबा म्हणाले.

मी डोळे पुसून वळले.

"तोंड... कोनीकडे हाये... त्याचं?" त्यांनी डाव्या हाताने छपराकडे दाखवलं.

मी आत्याबाईकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती.

"पूर्वेले, बाबा."

"आन् नागपूर?"

सगळं आयुष्य त्याच शिवारात गेलेल्या माणसाला नागपूर कुठे आहे ते मी काय सांगणार? त्यांनी मान सावकाश आत्याबाईकडे वळवली. इतके शब्द ते झटक्यानंतर एका वेळी कधी बोलले नव्हते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, पण ते थांबले नाहीत.

"बाई गं... यमाले... अँटेना लागत नाई. त्याले घर माईत हाये... माह्यं. पोरी, फिरव ते."

आत्याबाईचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायचा धीर झाला नाही. मी अंगणात पळाले, शिडी लावली. शिडी दवाने निसरडी झाली होती. दुसऱ्या पायरीवर पाय सटकला. तेवढ्यात खालून शिडी घट्ट झाली. आत्याबाईने दोन्ही हातांनी धरली होती. "चढ," ती म्हणाली, "मी हाये."

नट दवाने गारठून बसला होता. पान्याला पदर गुंडाळून जोर लावला तेव्हा कुठे तो सुटला. मी अँटेना दक्षिणेकडे फिरवली आणि ओरडले, "आलं काय?" आत्याबाई शिडी सोडून दारापर्यंत धावली. तिला स्वतःला दिसणार नव्हतं, म्हणून तिने बाबांना विचारलं आणि माझ्याकडे ओरडली, "आलं म्हणते! आलं!"

मी खाली कशी उतरले ते आठवत नाही. आत आले तर पडदा स्वच्छ होता. दिल्लीतलं ऊन दिसत होतं, रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून एक तुकडी येत होती. उंच तुऱ्यांच्या पगड्या, दाढ्या, कमरेला पट्टे. माझ्या भावाच्या तुकडीत पगड्या नव्हत्या. त्याचे फोटो माझ्याकडे होते. त्याची तुकडी पुढे निघून गेली होती, आणि मी छपरावर नटाशी झटत होते.

बाबा पुढे झुकले होते. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती. एक, दोन, तीन. मग पुन्हा एक, दोन, तीन, चार. तिसरी रांग, पाहणाऱ्याच्या बाजूनं चौथा. मोजण्यात काही चूक नव्हती. कॅमेरा जवळ आला, दाढीवाल्या उमद्या जवानांची ती रांग डोळे उजवीकडे करून आमच्या खोलीतून चालत गेली, आणि बाबांनी बोट पुढे केलं.

"हा."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. पण माझ्या आधी आत्याबाई बोलली. दारात उभी राहून, पडद्यावरचा नुसता उजेड पाहत, खणखणीत आवाजात.

"तोच हाये गा! बराबर वळखला तू. तोच!"

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या धुरकट डोळ्यांना मी कितपत दिसत होते देव जाणे.

"हो बाबा," मी म्हणाले. "तोच."

बाबा मागे गादीवर टेकले. तुकडी निघून गेली. पडद्यावर आता हत्तीवरची मुलं आली होती, पण ते तिकडे पाहत नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बारीक झाला."

तो जवान चांगला धिप्पाड होता. मी म्हटलं, "हो, झाला आहे थोडा."

"त्याले म्हणा... घरी ये."

मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. ते शब्द जसेच्या तसे लिहिले, आणि त्याच्या आधी लिहिलं की बाबांनी तुला ओळखलं. हे लिहिताना हात थांबला नाही. ते लिहिलं नसतं तर तो आला नसता. त्याच्या ताठ्याला तेवढंच पुरणार होतं.

फेब्रुवारीत रजा काढून तो आला. सात वर्षांनी घराचा उंबरा ओलांडला, खाटेपाशी गेला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला. बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून, दंडावरून फिरवला, बैल पारखावा तसा. "टीव्हीत बारीक दिसला," ते म्हणाले. "बरा हायेस मंग." तो त्यांच्याजवळ पंधरा दिवस राहिला. भरवायला, धुवायला, कूस बदलायला. आत्याबाईला त्याने हात लावू दिला नाही. होळीच्या आधी बाबा गेले, झोपेतच. अँटेना दक्षिणेकडेच होती. आत्याबाईने मला त्याचा बोल कधी लावला नाही, आणि संध्याकाळचा दिवा लावताना ती पूर्वीसारखीच वात चाचपत राहिली. पण तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "आपण दोघीयनं सांभाळलं वं." मी तिचा हात धरून खूप रडले. पुढे दोन वर्षांनी तीही गेली.

मी ती पंधरा मिनिटं स्वतःला कधी माफ केली नाहीत. भाऊ आला, बाबा त्याला भेटले, सगळं गोड झालं असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण एका बापाने सात वर्षांनी मुलाला शोधायला डोळे ताणले होते, आणि त्याचा मुलगा खरोखर समोरून चालत जात असताना मी त्यांच्यापुढे मुंग्या ठेवल्या. एक रविवार शांत मिळावा म्हणून.

माझा भाऊ आता निवृत्त होऊन कन्हानला घर बांधून राहतो. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. पुस्तकांच्या वाटेला तो कधी गेला नाही, म्हणून हे लिहायचा धीर झाला. त्याच्याकडे कोणी नवीन पाहुणा आला, नवी सून आली, जावई आला, की तो एक गोष्ट हमखास सांगतो. सात वर्षं तोंड न पाहिलेल्या बापाने, अर्धं अंग लुळं असताना, वीतभर पडद्यावर, शेकडो जवानांमधून त्याला बरोबर ओळखलं. सांगताना त्याचा आवाज दरवेळी त्याच जागी भरून येतो. मग तो माझ्याकडे हात करतो. "हे ताईले विचारा. ताई होती तिथं."

सगळे माझ्याकडे बघतात.

"हो," मी म्हणते. "बाबांनीच ओळखलं. मला काही तो दिसला नाही."

त्यातलं दुसरं वाक्य खरं आहे.